दाढा काढण्याआधीचा रविवार

जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी आम्ही पाच जण एका गाडीतून नांदेडहून निघालो. सेनगावच्या अलीकडे मामाच्या शेतावर हुरडा खायला जायचे होते आणि अंधार पडायच्या आत परत यायचे होते. एका दिवसाच्या या सहलीचे नियोजन वर्षभरापूर्वी सुरू झाले होते.

आदल्या हिवाळ्यात ती तीनदा ठरली आणि तीनदा मोडली. पहिल्यांदा धाकट्या भावाची सुटी रद्द झाली. दुसऱ्यांदा माझ्या मुलीची सराव परीक्षा आली. तिसऱ्यांदा सगळे मोकळे होते, पण ज्वारी निब्बर झाली होती. ज्वारी हुरड्याजोगी राहते ती जेमतेम आठ-दहा दिवस. त्याआधी दाण्यात नुसते दूध असते. नंतर दाणा कडक होतो आणि भाकरीच्याच कामाचा उरतो. आमच्या घरी सहलीची तारीख सर्वांच्या सोयीने ठरते. ज्वारीची सोय कोणी विचारली नव्हती.

यंदा त्यात दाढांची भर पडली. डिसेंबरात दाताच्या डॉक्टरांनी आईला सांगितले की तिच्या उरलेल्या दोन दाढा, उजवीकडची वरची आणि खालची, हलत आहेत आणि काढाव्या लागतील. हिरड्या भरल्या की कवळी. आई बहात्तर वर्षांची आहे. तिने एकच प्रश्न विचारला.

"कवळीनं हुरडा खाता येतो का?"

"सगळं खाता येतं," डॉक्टर म्हणाले.

आईचा विश्वास बसला नाही. दवाखान्याच्या पायऱ्यांवर उभे राहून तिने शेजारच्या काकूंना फोन लावला. काकूंना सहा वर्षांपासून कवळी आहे. त्यांनी सांगितले की भाकरी चालते, पण हुरड्याचे फोलपट कवळीखाली शिरते आणि माणूस चारचौघांत तोंडात बोट घालून बसतो.

त्या संध्याकाळी आईने जाहीर केले, "या दोन दाढांवर एकदा माहेरचा हुरडा खाईन. मग डॉक्टरला काय काढायचं ते काढू दे."

डॉक्टरांनी तारीख एकदा पुढे ढकलली. खालच्या दाढेला आतून सूज होती, त्यामुळे यापुढे ढकलणार नाही, असेही बजावले. नवी तारीख जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारनंतरचा मंगळवार. सर्वांना जमणारा त्याआधीचा एकमेव दिवस म्हणजे तो रविवार. व्हॉट्सॲपवरच्या घरच्या गटाचे नाव गेल्या वर्षी 'हुरडा' होते. माझ्या बायकोने ते बदलून 'हुरडा नक्की' केले आणि खाली यादी टाकली: दोन सतरंज्या, पाण्याचा कॅन, लिंबे, जवसाची चटणी, आईचा स्वेटर.

"आणि आईच्या दाढा," भावाने जेवताना आईकडे बघत जोडले. "तिथं आगटीत विसरून येऊ नको."

"मागच्या खेपेला तुझी अक्कल तिकडंच राहिलीय," आई म्हणाली. "ती सापडते का बघ."

त्या रविवारच्या आधीच्या बुधवारी मामाचा फोन आला. आईने तो स्पीकरवर टाकला.

"अक्का, ज्वारी झाली बघ. उद्या-परवात या. रविवारपर्यंत निब्बर होऊन जाईल."

"रविवारी येऊन राहिलो म्हणून तुला सांगितलं होतं ना?"

"मला सांगितलं होतं. ज्वारीला कोण सांगणार?"

गुरुवारी आणि शुक्रवारी मुलीची प्रात्यक्षिक परीक्षा होती. भावाची सकाळची पाळी होती आणि गाडी भावाचीच होती. शनिवारी बायकोला सुटी नव्हती. हे सगळे बोलून होईपर्यंत आईने कपाटातून पिशवी काढली होती.

"पहाटंची एसटी किती वाजता हाय?"

"आई, हिंगोलीत गाडी बदलावी लागते," बायको म्हणाली. "एकट्या कशा जाल?"

"सासरहून माहेरी एकटीच जात होते. तवा तर कडेवर हे पोरगं होतं." तिने माझ्याकडे बोट केले. "आता तेवढं तरी वझं न्हाई."

फोन अजून चालू होता. त्यातून मामीचा आवाज आला. ती मामाशी बोलत होती.

"काहून घाबरवून राहिले त्यांना? द्या इकडं." मग आवाज जवळून आला. "अक्का, पिशवी ठेवा खाली. तुमी रविवारीच या."

मामीने सांगितलेली हकिगत अशी. सोयाबीन निघाल्यावर घरच्या हुरड्यासाठी विहिरीजवळ ज्वारी पेरली, तेव्हा तिने बांधाकडची चार तासे, म्हणजे पेरणीच्या चार ओळी, रिकामी ठेवली. त्यात तिने बारा दिवसांनी, स्वतःच्या हाताने, तेच बी टाकले. पहिली ज्वारी उरकली तरी ही चार तासे मागून हुरड्यात येणार होती.

"तुमच्या घरची तारीख मला ठावी हाय," ती म्हणाली. "ठरते एक, येते दुसरी. म्हणून मागून पेरली. तवा हे हसले. म्हणले, पाखरांसाठी पेरून राहिली का?"

मागून मामा म्हणाला, "फोन लावायच्या आधी तरी आठवण करून द्यायची."

"विचारलं का तुमी?"

आईने पिशवी कपाटात ठेवली.

एक अडचण उरली होती. भोवतालचे शेत पक्व झाले की पाखरे कोवळ्या कणसांवर येतात, आणि कोवळी कणसे आता त्या चार तासांतच होती. गुरुवारपासून राखणीला मामा स्वतः बसला. गोफण घेऊन तो दिवस उजाडताना बांधावर जाई. रोज सकाळी तो गटावर एका कणसाचे छायाचित्र टाकी आणि खाली दोन-तीन शब्द लिही. गुरुवारी लिहिले, "दूध हाय." शुक्रवारी, "अजून दूध." शनिवारी, "घाई करू नका." शनिवारी आईने ते छायाचित्र मुलीकडून चार वेळा मोठे करून घेतले.

रविवारी वाटेत धुके होते. वारंगा फाट्यावर आम्ही थांबलो. चौघांनी खिचडी खाल्ली. आईने फक्त चहा घेतला, तोही डाव्या बाजूने.

"आजी, दोन घास तरी खा," मुलगी म्हणाली.

"दाढा दोनच हायत. खिचडीवर कशाला झिजवू?"

आठ वाजून दहा मिनिटांनी, आम्ही तिथेच असताना, मामाचा संदेश आला. त्यात एकच शब्द होता: "या."

पावणेदहाला शेतात पोहोचलो. विहिरीजवळची बाकीची ज्वारी पिवळसर झाली होती. बांधाकडच्या चार तासांचा पट्टा हिरवा होता. मामाने गोवऱ्यांची आगटी पेटवून ठेवली होती. निखारे तयार झाल्यावर त्याने कणसे राखेत सरकवली. काही वेळाने मामीने एक कणीस बाहेर ओढले, राख झटकली आणि तळहातांत धरून चोळले. हिरवे दाणे पितळेच्या ताटात पडले. आई दुसऱ्या कणसाकडे हात नेत होती. मामीने ते बाजूला केले.

"आज तुमी पाव्हण्या. हात भाजायचं काम आमचं."

तिने ताटातली पहिली मूठ फुंकून आईच्या हातावर ठेवली. आईने दाणे तोंडात टाकले, मान उजवीकडे कलती केली आणि चावायला लागली. भाऊ चटणीचा डबा उघडता उघडता थांबला. मामाने काठी खाली ठेवली.

आईने एकदा गिळले. मग आमच्याकडे पाहिले.

"माझ्या तोंडाकडं काय बघून राहिलात? खा, निवून जाईल."

"कसा हाय?" मामाने विचारले.

"गोड हाय. तुझं काही न्हाई त्यात, तिचं हाय."

त्यानंतर अडीच तास आगटी विझली नाही. गूळ, दही, जवसाची चटणी आणि लसणाच्या पाती ताटाभोवती फिरत होत्या. मुलीला चोळायचे होते. पाहुणी म्हणून तिलाही मनाई झाली, पण तिने ऐकले नाही आणि दोन्ही हातांवर फुंकर मारत बसली. एकच्या सुमारास मामाने एक कणीस चोळून मामीपुढे धरले. तोवर तिने काही खाल्ले नव्हते.

"घे. पाखरांसाठी पेरलेलं."

"मग तुमी आधी खा," मामी म्हणाली.

आई इतकी हसली की तिने तोंडावर पदर धरला. दाढा शाबूत असल्याची खात्री तिने नंतर जिभेने करून घेतली.

मुलीने आजीची कणसे मोजली होती. तिच्या मते अकरा. आईच्या मते नऊ. उरलेली दोन माझ्या भावाने खाल्ली. भावाने हे नाकारले. आम्ही साडेतीनला निघालो. मामीने डिकीत एक पेंढी ठेवली आणि पुढच्या वर्षीचा रविवार विचारला. तो अजून ठरलेला नाही.

मंगळवारी साडेअकरा वाजता दोन्ही दाढा काढल्या. खालच्या दाढेच्या फटीत ज्वारीचे एक फोलपट होते.