काकासाहेबांचं अंगठ्याचं मशीन

आमच्या टेंभुर्णीत काकासाहेबांइतका नेमाचा माणूस दुसरा नाही. रेशन दुकान नऊ म्हणजे नऊलाच उघडणार. आधी तराजूला, मग गल्ल्याला आणि शेवटी अंगठ्याच्या मशीनला हळद-कुंकू. ओलं बोट, दोन ठिपके, उदबत्ती. चार वर्षांत खाडा नाही. मी भिंतीला भिंत लावून राहतो, म्हणून रोज बघतो आणि रोज म्हणतो, "एवढी सेवा नंदावहिनींची केली असती तर तुमच्या चहात साखर पडली असती." ते हसत नाहीत. आतून वहिनी तेवढ्या हसतात.

हे मशीन हातात मावेल एवढं. त्यावर अंगठा जुळला की चिठ्ठी निघते, आणि चिठ्ठी निघाली तरच धान्य. गेल्या महिन्यात ते आठ दिवस रुसलेलं. रात्रभर चार्जिंगला लावलं तरी सकाळी तीन टक्के. जरा वापरलं की बंद.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी गिरिजाबाई आल्या. एकटं माणूस. लेक आजारी म्हणून महिनाभर परतूरला होत्या. पस्तीस किलोचं त्यांचं कार्ड, आणि आजचा दिवस गेला की या महिन्याचं धान्यही गेलं. या खेपेला मुदतवाढ नव्हती. त्यात बाईंचा जन्म खडी फोडण्यात गेलेला, अंगठ्यावर रेघ औषधाला नाही. दहा-बारा वेळा टेकवावा तेव्हा कुठं जुळतो. मशीन तेवढं जगायला पाहिजे ना!

"भिंतीवरच्या दुसऱ्या बोर्डात लावून पाहा," मी म्हणालो. लावलं. माझ्या घरचा चार्जर लावला. काकासाहेबांनी मशीनला फुंकर मारली, उलटं धरून थोपटलं.

"पाठीवर घ्या आता. ढेकर देईल," मी म्हणालो.

"तुम्ही गप बसा हो! मी साहेबाला फोन करून राह्यलो." तालुक्याच्या साहेबांनी सांगितलं, सोमवारी मशीन घेऊन या. त्या दिवशी शुक्रवार होता.

मग मीच स्टँडवर जाऊन मोबाइल दुरुस्तीवाल्या अकिबभाईला गाडीवर बसवून आणलं. त्यानं भिंग लावून चार्जिंगच्या भोकात पाहिलं, बारीक सुई घातली आणि हळूच एक खडा बाहेर काढला. वर लाल, आत पिवळा, तुरीच्या अर्ध्या डाळीएवढा.

"काकासाहेब, ये क्या है?"

काकासाहेबांनी तो तळहातावर घेतला. भोक मशीनच्या माथ्यावर, आणि ठिपका नेमका माथ्यावर. चार वर्षं.

"म्हणजे मीच..." ते एवढंच बोलले. मला दहा विनोद सुचले होते. त्यांचं तोंड बघून मी एकच केला, "पावलं म्हणायचं," आणि तोही बराबर जमला नाही.

खडा निघाला, पण ओलाव्यानं आतल्या तारा गंजलेल्या. "सोमवारपर्यंत टिकणार न्हाई. पिन तिरपी दाबून धरा, जेवढी चालेल तेवढी," अकिबभाई म्हणाला.

काकासाहेबांनी दोन्ही हातांनी पिन दाबली. चार टक्के. गिरिजाबाईंनी पदराला अंगठा पुसला आणि टेकवला. जुळला नाही. मी त्यांच्या अंगठ्याला खोबरेल लावलं. जुळला नाही. पुन्हा पुसला. तीन टक्के. काकासाहेबांची नखं पांढरी पडली होती. नंदावहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या; आत दूध उतू गेल्याचा वास आला, पण त्या हलल्या नाहीत.

अकराव्या वेळेला जुळला! मशीन घरघरलं, चिठ्ठी बाहेर येऊ लागली. गिरिजाबाईंचं नाव आलं, गावाचं नाव आलं, आणि कागद तिथंच थांबला. पडदा काळा.

धान्य तराजूत आधीच मोजून ठेवलेलं होतं.

"नोंद झाली का न्हाई?" मी विचारलं.

"कुणाला माहीत," अकिबभाई म्हणाला. "मशीनच सांगेल, पण चालू झाल्यावर."

काकासाहेब मला म्हणाले, "मशीनचा हिशोब न्हाई जुळला तर दुकान जाईल हो माझं." हे त्यांनी बाईंना ऐकू जाऊ नये म्हणून हळू सांगितलं. दुकान आठ फुटांचं. बाईंनी ऐकलं.

त्यांनी अर्धी चिठ्ठी अलगद फाडली, घडी करून चोळीत ठेवली आणि रिकामी गोणी काखेत मारली.

"मंग उद्या येऊ का, भाऊ?"

उद्या एक तारीख होती. काकासाहेबांनी पिन अजून तशीच तिरपी दाबून धरली होती.