चेंडू सुटल्यावर

लेकीकडे अमेरिकेत आलोय. शेजारचा तरुण इथल्या फुटबॉलमधला क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू. परवा अंगणात त्याची बायको त्याच्या बुटांच्या नाड्या बांधत होती. त्याला वाकवत नव्हतं.

आज टीव्हीवर त्याने लांबवर चेंडू फेकला आणि त्या खेळातलं ओ की ठो न कळणारा मी सोफ्यावरून उठून ओरडलो.

"अहो, चेंडू गेला की! मग त्याला कशाला आडवा पाडला?" ही कळवळली.

मी पाहिलंच नव्हतं. आपण सगळे चेंडूबरोबर जातो. फेकणाऱ्याकडे बघायला घरचंच माणूस लागतं. गर्दीत त्याची बायको क्षणभर दिसली, तोंडावर हात दाबलेली.

"उठला का गं?" हिने लेकीला विचारलं.

टीव्हीवाले पुन्हापुन्हा चेंडूच दाखवत होते.