पान लागलां

आनंदी परब सरकारी दवाखान्यात केसपेपर लिहायच्या. मालवणहून एसटीने तासभर आत गेलं की ते गाव लागे. नाव, वय, गाव आणि शेवटी तक्रार, एवढंच त्यांचं काम. पण खिडकीसमोरचा माणूस मालवणीत बोलायचा आणि डॉक्टर बहुधा बाहेरचे, म्हणून तक्रारीच्या रकान्यात त्या शाळेतलं मराठी लिहीत. ‘घेरी येता’ म्हणणाऱ्याला त्यांच्या कागदावर चक्कर येई. बारा वर्षांत या कामाला कुणी भाषांतर म्हटलं नव्हतं, त्यांनीसुद्धा नाही.

१९८३ साली, भातकापणीच्या दिवसांत, एका दुपारी त्या मागच्या पडवीत जेवायला बसल्या होत्या. तेवढ्यात तुळसा नावाची बाई आपल्या नवऱ्याला, लवूला, बैलगाडीतून घेऊन आली. घाईत केसपेपर राहिलाच. लवूला थेट डॉक्टर गावंडेंपुढे निजवलं. गावंडे वऱ्हाडातले, रुजू होऊन जेमतेम तीन आठवडे झालेले. लवूच्या पापण्या मिटत होत्या, जीभ जड झाली होती, पाय चिखलाने माखलेले.

“ह्येंका पान लागलां हो!” तुळसा म्हणाली.

डॉक्टरांनी लवूचे लाल ओठ पाहिले. “पानात तंबाखू होती?”

“तंबाखू खातत. पण आता पान लागलां!”

“मग तेच. लिंबूपाणी द्या, पडून राहू द्या. उतरेल.”

तुळसाचा आवाज चढला, तसा तो पडवीत पोचला. आनंदीबाई खरकट्या हातानेच धावल्या. “खंय लागलां गो?”

“पायाक. मेरेर, भात कापताना.”

“डॉक्टर, शेताच्या बांधावर साप चावलाय, पायाला!”

गावंडेंनी लवूचे पाय धुवायला लावले. घोट्याशेजारी दोन बारीक टोचे होते. कपाटात विषावरची लस होती. सलाईन लागलं, लस गेली.

“साप म्हणून का नाही सांगितलंत?” त्यांनी तुळसाला विचारलं.

“सांगलंय मां! दोनदा सांगलंय,” ती रडत म्हणाली. “तेचा नाव घेतल्यार ईख चढता.” सापाचं नाव घेतलं की विष चढतं असं इथे मानतात, हे आनंदीबाईंनी डॉक्टरांना सांगितलं.

संध्याकाळपर्यंत आनंदीबाई खिडकीवर बसल्या खऱ्या, पण दर थोड्या वेळाने उठून लवूच्या पापण्या बघून येत होत्या. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने डोळे पुरते उघडले आणि पेज मागितली. तुळसा भिंतीला टेकून तशीच खाली बसली. आनंदीबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

“असे अजून किती शब्द आहेत?” गावंडेंनी आनंदीबाईंना विचारलं.

आनंदीबाईंनी शंभर पानी वही आणली. डावीकडे मालवणी, उजवीकडे शाळेतलं मराठी. सापाला पान का म्हणतात, हे त्या येणाऱ्याजाणाऱ्याला विचारू लागल्या. कुणी म्हणालं, फणा पानासारखा दिसतो. कुणी म्हणालं, गवताचं पातं लागल्यासारखं वाटतं, तेवढंच कळतं. एका म्हातारीने तर विषयच बदलला. आनंदीबाईंनी तिन्ही गोष्टी लिहून ठेवल्या.

महिन्याभराने वहीत तिसरा रकाना दिसला, डॉक्टरांच्या अक्षरात. ते आपले वऱ्हाडी शब्द लिहीत होते. त्यातला ‘पोट्टं’ पाहून आनंदीबाईंनी तो पोटदुखीच्या पानावर उतरवला.

“अहो, पोट्टं म्हणजे पोर!” गावंडे म्हणाले, आणि दोघंही इतकी हसली की रांगेतली माणसं खिडकीतून आत डोकावली.