आधी जागा, मग कलम

लिहायच्या आधी पेन खिशात ठेवणारा हवालदार तुम्ही पाहिलाय? आमच्या कामशेतला होते एक, मूळचे इंदुरीचे. तक्रार ऐकली की पेन खिशात, टोपी डोक्यावर, आणि "आधी जागा बघू, मग कलम बघू" म्हणत निघायचे.

त्यांच्या वहीच्या पुठ्ठ्याला आतून एक तक्ता चिकटवलेला होता. डावीकडे जुन्या कायद्यातल्या कलमांचे आकडे, उजवीकडे नव्यातले. कायदा बदलला तेव्हा त्यांची निवृत्ती तोंडावर आली होती. "तीस वर्षं पाठ केलेलं इसरायचं, आन् म्हातारपणी परत पहिलीत बसायचं," म्हणत तक्त्यावरून बोट फिरवायचे.

माझी त्यांची गाठ पडली ती हंड्यापायी. मी तेव्हा जेमतेम सदुसष्ट वर्षांची, म्हणजे अक्कल यायची होती. शेजारच्या चाळीत लोणावळ्याला चिक्कीच्या कारखान्यात जाणारी एक बाई राहायची, पदरात सहा महिन्यांचं मूल. तिनं माझा तांब्याचा हंडा उचलला आणि दुसऱ्याच दिवशी रडत परत आणून ठेवला. शहाणी बाई गप्प बसली असती. मी इस्त्रीचं पातळ नेसून चौकीत गेले आणि ठणकावून सांगितलं, घरात शिरून चोरी केली. अंगणातली चोरी म्हटलं की पोलीस जांभई देतात, असं मला कुणीतरी सांगितलं होतं.

हवालदार घरी आले. नव्या कायद्यात चित्रीकरण लागतं म्हणत त्यांनी मोबाइल काढला. "मावशी, हंडा कुटं व्हता त्ये बोटानं दावा."

मी ऐटीत स्वयंपाकघरातल्या ओट्याखाली बोट दाखवलं. त्यांनी मोबाइल खाली घेतला, मागच्या दारी गेले आणि अंगणातल्या दगडापुढे उकिडवे बसले. दगडावर हंड्याच्या बुडाचा हिरवट गोल होता, वर्षानुवर्षांचा.

"ह्यो गोल कशाचा?"

मी पदर सावरला.

आवाज न चढवता त्यांनी मला समजावलं. राहत्या घरातली चोरी म्हणजे आता कलम तीनशे पाच, सात वर्षांपर्यंत कैद, जामिनाचीही मारामार. उघड्यावरची, पाच हजारांच्या आतली, पहिलीच आणि वस्तू परत केलेली असली, तर कोर्ट समाजसेवा करायला लावतं.

"बाई आत गेली तर ल्येकरू कुनाकडं ऱ्हायचं, त्ये बी सांगा. त्ये बी लिवतो."

"बाहेर होता," मी म्हटलं. "दगडावर."

इतकं हलकं मला बाळंतपणानंतरसुद्धा वाटलं नव्हतं. हवालदारांनी मग पेन काढलं.

यथावकाश कोर्टानं तिला सरकारी दवाखान्याचं आवार झाडायला लावलं. शेवटच्या दिवशी मी तिकडून चालले होते. हवालदार आदल्याच आठवड्यात निवृत्त झालेले. दवाखान्याच्या बाकावर साध्या सदऱ्यात बसले होते, मांडीवर तिचं मूल. ती पलीकडे पाचोळा गोळा करत होती. मूल त्यांची मिशी ओढत होतं आणि ते ओढू देत होते.

मी हाक मारली नाही. तशीच पुढे भाजी घ्यायला गेले.