शेटजींसाठी नऊ गाणी

मामूनं कुणाला माफ केल्याचं मला आठवत नाही. पडेगावच्या एका टपरीवाल्यानं त्याला एकदा चहासाठी ताटकळत ठेवलं, तर मामू पुढं वर्षानुवर्षं रस्ता ओलांडून समोरच्याकडं जायचा. तिथला चहा पाणचट होता. "चव गेली तं गेली, इज्जत नाय जाऊ द्यायची," म्हणायचा.

तो आमच्या बँडचा गिटारवाला. एरवी वाळूजच्या कारखान्यात वेल्डिंग, सुट्टीला गिटार. त्याचा सगळ्यात जुना डूख शेटजींवर, म्हणजे गंगापूरकडच्या एका ऑर्केस्ट्राच्या मालकावर. मामू आधी त्यांच्याकडंच वाजवायचा. मामूच्या सासुरवाडीत, भर लग्नात, सासऱ्यांदेखत शेटजींनी त्याच्या गळ्यातली गिटार काढून पुतण्याला दिली होती. वर म्हणाले, "भांडी आपटायची आसतील तं घरी जाऊन आपट."

आमचा अल्बम झाला तो याचा वचपा काढायला. नऊच्या नऊ गाणी शेटजींवर. बाज पॉवर पॉपचा, म्हणजे गिटार कडाडणार, पण चाल अशी गोड की शाळकरी पोरींनीही गुणगुणावी. पत्र्याच्या शेडला आतून गाद्या लावून आम्ही रेकॉर्डिंग केलं. मी चिडून गायलो की मामू थांबवायचा. "दात नको खाऊ रे. हासत मार, लाडानं." शेटजींचं नाव घालू म्हटलं तर म्हणाला, "नाव कायको? ऐकल्याबरोबर वळखतो का नाय बघ."

अल्बम चालला. शिफ्टच्या बसमध्ये वाजला, हळदीत वाजला. आणि एका कार्यक्रमानंतर खुद्द शेटजी स्टेजमागं आले. मामू ताठ उभा राहिला. याच घटकेसाठी त्यानं सगळा खटाटोप केला होता. शेटजींनी त्याला मिठी मारली.

"काय चाली बांधल्यात राव! त्या चौथ्या गाण्यातला हरामखोर तं डोळ्यापुढं उभा राहतो. आमच्या धंद्यात आसले लई हायेत. तुम्ही आधी कुठं वाजवायचे?"

 घरी आल्यावर मामू म्हणाला, "त्याला मी याद बी नाय." शेटजींचा मला त्या दिवशी आला तेवढा संताप आजवर कुणाचा आलेला नाही. दुसऱ्याच दिवशी मामूनं दहावं गाणं सुरू केलं.

ते अर्धंच राहिलं. गेल्या वर्षी छातीत दुखायला लागलं म्हणून त्याला दवाखान्यात नेलं, तो परत आला नाही. शेवटी मला जवळ बोलावलं. बायकापोरांचं काही सांगेल म्हणून मी वाकलो, तर म्हणाला, "दहाव्यात नाव टाक."

गाणं परवा पुरं झालं. पहिल्याच ओळीत शेटजींचं नाव आहे, आडनावासकट, गावासकट. पुढच्या महिन्यात त्यांचा सत्कार आहे आणि गायला त्यांनी आम्हालाच बोलावलंय. चाल मी गोडच ठेवली आहे. त्याशिवाय ते शेवटपर्यंत ऐकायचे नाहीत.