रसेमाचा पहिला नकार

सरावाला बसायचं म्हटलं की रसेमाला काहीतरी घासायचं आठवायचं. जेनिता समोरच्या खुर्चीत साहेबाचा चेहरा करून बसलेली, आणि रसेमा ओट्यापाशी, धुतलेलं कॉफीचं भांडं पुन्हा घासत.

"मावशी, बसा की. तिथे उभं राहून उत्तरं देणार का?"

"तू विचार. हात गुंतलेत, कान मोकळे आहेत."

"स्वतःबद्दल सांगा."

"काय सांगू? सगळं ग्राचानित्सा गाव ओळखतं मला."

"तो माणूस इथला नाही."

"मग त्याला कोणी नोकरी दिली?"

रसेमा बालवाडीत स्वयंपाक करायची. तरुण जोडपी जर्मनीला गेली, पोरं त्यांच्याबरोबर गेली, आणि बालवाडीला कुलूप लागलं. नवरा त्याआधीच वारला होता. मुलगा आदेमही तिकडेच, श्टुटगार्टला. दर रविवारी फोनवर त्याचं एकच म्हणणं: मागची खोली तयार आहे, उन्हाळा संपला की गाडी घेऊन येतो. ती खोली रसेमाने पाहिली होती. एक अख्खा हिवाळा तिथे काढला होता. कॉफीला ये म्हणून जिचं दार वाजवावं अशी एक बाई तिला त्या इमारतीत सापडली नव्हती.

आता नदीपलीकडे नवा वृद्धाश्रम उघडत होता. गावात पोरं नसली तरी म्हातारे पुष्कळ होते. आश्रमाला स्वयंपाकघर सांभाळणारी बाई हवी होती. ही नोकरी मिळाली तर रसेमा राहणार होती. नाही मिळाली तर गाडी येणारच होती.

जेनिता खालच्या मजल्यावर राहायची. तुझला शहरात साहित्याची पदवी घेतलेली, ठिकठिकाणी मुलाखती देऊन रिकामी परत आलेली.

"म्हणून तर तुझ्याकडे शिकते," रसेमा म्हणायची. "नापास झालेल्याला प्रश्न पाठ असतात."

"तुमच्यातला दोष कोणता?"

"गुडघे."

"स्वभावातला, मावशी. बरं, आधीची नोकरी का सोडलीत?"

"मी कुठे सोडली? पोरांनी सोडली."

"हे चालेल. पण मी कष्टाळू आहे वगैरे म्हणू नका. ते सगळेच म्हणतात. एखादा प्रसंग सांगा."

रसेमाने भांडं पालथं घातलं. मग एकदा वीज गेली होती तेव्हा अंगणात चूल पेटवून तिने सगळ्या पोरांना सूप कसं पाजलं, ते सांगितलं.

"पण यात सांगण्यासारखं काय आहे? भूक लागली होती त्यांना."

"हेच सांगा. अगदी असंच. आणि शेवटी तुम्हीही विचारा. माणसं किती, मधुमेहाचे किती, मदतीला कोण."

मुलाखतीच्या दिवशी दोघी फार लवकर पोचल्या. ताज्या रंगाचा वास येत होता. रसेमा व्हरांड्यात येरझारा घालत राहिली. भिंतीवरची तिरकी चौकट तिने सरळ केली, मग मागे होऊन पाहिली, पुन्हा सरळ केली. बाकावर मुलाखतीलाच आलेली, लुकावाच गावची एक बाई मांडीवर पर्स घेऊन बसली होती.

साहेबाचं नाव दामिर. आईबाप इथलेच, पण तो ऑस्ट्रियात, ग्राट्सला वाढलेला. उकाड्यामुळे त्याने दार उघडंच ठेवलं. जेनिताला सगळं ऐकू येत होतं. विजेचा प्रसंग झाला. तो हसला. रसेमाने मधुमेहाचंही विचारलं.

"रसेमाबाई, आम्हाला तुम्ही पसंत आहात. सोमवारपासून याल?"

"छे, मी कशाला? गावात माझ्याहून चांगल्या बाया आहेत. एखाद्या तरुण पोरीला घ्या."

आत फाइल मिटल्याचा आवाज आला.

"समजलं," दामिर म्हणाला. "स्पष्ट सांगितलंत, बरं झालं. आभारी आहे."

रसेमा बाहेर आली ती फुललेल्या चेहऱ्याने.

"झालं. मिळाली समज."

"मावशी, तुम्ही नाही म्हणालात."

"मग? पहिल्याच हाकेला हो म्हणू? हपापल्यासारखी?"

जेनिता बघतच राहिली. हे तिने शिकवलंच नव्हतं. शिकवण्यासारखं काही आहे, हेच तिला सुचलं नव्हतं. इथे कॉफीचा कपसुद्धा दोनदा नको म्हणून मग घेतात. रसेमाने लग्नालाही आधी नकारच दिला होता. नवरा पुढच्या रविवारी आईला घेऊन परत विचारायला आला होता. आणि जेनिता? वाचनालयातल्या नोकरीच्या मुलाखतीत ती काय म्हणाली होती? 'माझ्यापेक्षा कोणी योग्य असेल तर बघा.' त्यांनी बघितलं होतं.

"आता बोलावेल," म्हणून रसेमा बाकावर टेकली.

दामिर दारात आला. त्याने लुकावाचच्या बाईचं नाव पुकारलं.

"तो पुन्हा विचारणार नाही," जेनिता कुजबुजली.

"का? बोलतो तर आपल्यासारखाच."

"बोलतो. पण विचारतो एकदाच."

रसेमा उठली. व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेली, परत आली.

"परत जाऊन मागू? माझ्या तोंडाने? लोक काय म्हणतील?"

"कोण लोक? मीच आहे इथे."

लुकावाचची बाई उंबऱ्यापर्यंत पोचली होती.

"ताई, जरा थांबता का?" म्हणत रसेमा तिच्या आधी आत शिरली.

"साहेब, मघाशी मी नाही म्हटलं. तो पहिला नकार होता. आमच्यात तो धरत नाहीत."

"मग मी काय करायला हवं होतं?"

"पुन्हा विचारायला."

"बरं. याल का?"

जेनिताला तिची फक्त पाठ दिसत होती. मान पुन्हा नकारासाठी वळू लागली. मध्येच थांबली.

"हवी आहे," रसेमा म्हणाली. "ही नोकरी मला हवी आहे."

तिचा आवाज नको तेवढा मोठा झाला होता. लुकावाचच्या बाईने नजर जमिनीकडे वळवली.

"या बाईंचंही ऐकून घेतो," दामिर म्हणाला. "त्या लांबून आल्यात. संध्याकाळी कळवतो."

संध्याकाळ रसेमाने चालून काढली. ओट्यापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून ओट्यापर्यंत. फोन वाजला तेव्हा दामिरचं वाक्य पुरं व्हायच्या आत ती "हो" म्हणाली. मग फोन ठेवून, कानापर्यंत लाल होऊन बसली. जशी काही भर पंगतीत पाहुण्याच्या ताटातला घास उचलून आली होती.

"आता आदेमला सांगा," जेनिता म्हणाली.

रसेमा लगेच उठली.

"सांगते ग. पण मी नाही म्हटलं की तो पुन्हा विचारेल. मग तिसऱ्यांदा. माझाच मुलगा आहे." तिने फोन उचलला, ठेवला, परत उचलला. "या वेळचा पहिलाच नकार खरा आहे, हे त्याला कसं सांगू?"