शोध घेतला, शोध लावला

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून माझा साखरेचा रिपोर्टसुद्धा लपत नाही. तुम्हाला सांगतोय, कारण... कारण काय? असू दे. ऐका.

आधी चांगला भाग सांगतो. सातपुरात माझी मिरवणूक निघाली होती. उघडी जीप, पुढे ढोल-ताशा, गळ्यात झेंडूचा असा हार की मला रस्ता दिसेना. चौकात भलामोठा फ्लेक्स — 'जगाला नवा कण देणारा सातपूरचा सुपुत्र'. शेजारी अणू म्हणून शनी ग्रह छापलेला, कड्यासकट. आमचे आप्पा, जन्मभर लेथ चालवलेले टर्नर, इस्त्रीचा सफारी घालून जीपच्या पुढे चालत होते. त्यांच्या पाळीतल्या एकाने विचारलं, "किती मायक्रॉनचा हाय रे कण?" आप्पा म्हणाले, "मायक्रॉन काय घेऊन बसलास. त्याच्या लय खाली." त्यांना इतकं ताठ चालताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मीही हात हलवत होतो — नेत्यासारखा, किंचित उशिरा, किंचित थकल्यासारखा. आरशात सराव केला होता, हेही सांगून टाकतो.

अडचण एकच होती. कण सापडलाच नव्हता.

मी नाशिकच्या एका कॉलेजात शिकवतो, आणि युरोपात जमिनीखालच्या बोगद्यात चालणाऱ्या एका प्रयोगाच्या हजारो माणसांपैकी एक आहे. तिथे प्रोटॉन समोरासमोर आदळतात, तुकडे चहूबाजूंना उडतात. डावीकडे उडालेलं आणि उजवीकडे उडालेलं, यांचा तोल जमावा लागतो. नाही जमला, तर समजायचं — कुणीतरी न दिसता निसटलंय. आम्ही अशाच एका न दिसणाऱ्याच्या मागे होतो. काही वर्षं डोळे फोडले, आणि शेवटी सांगितलं — आम्ही पाहिलं त्या टापूत तो नाही. तुम्हाला हसू येईल, पण आमच्यात ही पेढे वाटायची बातमी असते. तेवढा टापू आता कुणाला पुन्हा धुंडाळायला नको.

मग फ्लेक्सवर 'नवा कण' कुठून आला? पेपरातून. शनिवारी बातमी आली — 'नाशिकच्या प्राध्यापकाने नव्या कणाचा शोध लावला'. आपल्या भाषेची गंमत बघा. शोध घेतला, म्हणजे हुडकत होतो. शोध लावला, म्हणजे सापडलं. मधे एवढंसं क्रियापद. चूक कुणाचीही होऊ शकते, नाही का? बातमी लिहिली होती संगीताताईंनी. शिक्षणाचं पान त्या एकट्या सांभाळायच्या.

रविवारी मिरवणूक संपली आणि हार गळ्यात असतानाच संपादकांचा फोन आला. एका निवृत्त प्राध्यापकांनी त्यांना झापलं होतं — एवढा मोठा शोध लागला, तर तो फक्त सातपूरलाच कसा कळला? संपादकांनी मला विचारलं, "सर, तुम्ही संगीताला काय सांगितलं होतं?"

मी हसलो. म्हणालो, "अहो, पत्रकारांना घेतला आणि लावला यातला फरक कळत नाही. जाऊ द्या, मुद्दाम नसेल केलं त्यांनी."

मोठेपणा बघा माझा.

सोमवारी खुलासा छापून आला, चूक वार्ताहराची म्हणून. आणि संगीताताईंकडून शिक्षणाचं पान काढून घेतलं. पुढची दोन वर्षं त्यांनी निधनवार्ता लिहिल्या. माझा फ्लेक्स मात्र पावसाळ्यापर्यंत टिकला. शनी ग्रह सगळ्यात शेवटी फाटला.

दोन वर्षांनी त्यांनी आपलं पान परत मिळवलं. कुणाच्या शिफारशीने नव्हे, माझ्या तर नाहीच. आणि गेल्या महिन्यात आमच्या प्रयोगाचा नवा निकाल आला, तेव्हा त्या कॉलेजात आल्या. वही उघडली. "सर, लावला की घेतला?"

"घेतला."

"सापडलं काय?"

"काही नाही."

"मग तसंच छापते."

आणि छापलं — 'शोध घेतला, कण सापडला नाही'. खाली अर्धं पान, इतकं स्वच्छ, की आमच्या प्रयोगाबद्दल मराठीत इतकं नेमकं मी स्वतः लिहू शकलो नसतो. ढोल नाही, जीप नाही. आप्पांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं, जुन्या बातमीची फ्रेम उघडली आणि तिच्यावर हे कात्रण बसवलं. जुनी बातमी झाकली गेली. म्हणाले, "नाही म्हणायला माप जास्त अचूक लागतं." खरं सांगतो, त्या मिरवणुकीत फुगली नव्हती इतकी माझी छाती त्या क्षणी फुगली.

पण त्या बातमीसाठी माझा फोटो पाठवायला मी संगीताताईंचं व्हॉट्सअ‍ॅप उघडलं होतं. वर सरकवलं. तिथे ती ओळ अजून होती. 'तुम्ही हा मेसेज डिलीट केला.'

पहिली बातमी आली त्याच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, त्या म्हणाल्या होत्या, "सर, तुम्हीच दोन ओळी लिहून द्या, मी एक अक्षर बदलणार नाही." मी लिहिलं, 'शोध घेतला'. वाचून पाहिलं. हरवलेली म्हैस शोधल्यासारखं वाटलं. मी 'घेतला' खोडलं. 'लावला' लिहिलं. पाठवलं. त्यांनी खरोखर एक अक्षर बदललं नाही. रविवारी संपादकांचा फोन ठेवला आणि गळ्यातला हार काढायच्या आधी मी तो मेसेज उडवला — दोघांच्याही फोनवरून. संपादकांनी पुरावा मागितला असेल, तेव्हा संगीताताईंकडे दाखवायला काय उरलं असेल?

एक रिकामी ओळ. ती त्यांच्याही फोनवर आहे. नसलेल्या गोष्टीवरून काय निसटलं ते ओळखणं, हा माझा धंदा — आणि इतकी वर्षं मला वाटत राहिलं की ती ओळ त्यांना वाचता येत नसेल.

'लावला' हा शब्द माझा होता.